सुरू करण्याची चिठ्ठी मिळते, थांबवण्याची कुठे आहे?

नैराश्यावरची गोळी सुरू झालेल्या माणसाला आपल्याकडे दोन बाजूंनी दोन सल्ले मिळतात. डॉक्टर बजावतात, ‘आपल्या मनाने बंद करू नका.’ घरचे विचारतात, ‘अजून किती दिवस खाणार? सवय लागेल हं.’ पहिला सल्ला योग्यच आहे आणि दुसऱ्यामागे काळजी आहे. पण त्या माणसाला जे कळायला हवं ते दोन्हींतून कळत नाही. गोळी थांबवायची वेळ आली तर ती कोण ठरवणार, किती सावकाश थांबवायची, थांबवताना अंगाला काय काय होऊ शकतं आणि त्यातलं किती औषध सुटल्यामुळे व किती आजार परतल्यामुळे, याबद्दल चिठ्ठीवर एक ओळ नसते. बोलण्यातही ती क्वचित येते. माझं म्हणणं एवढंच आहे, की ही ओळ अगदी पहिल्या चिठ्ठीवर यायला हवी. हे म्हणणं औषधाच्या विरोधात नाही. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ने ५२२ चाचण्या आणि १ लाख १६ हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्रित अभ्यास छापला, त्यात तपासलेली सगळीच्या सगळी २१ औषधं नुसत्या दाखवायच्या, औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली. फरक सरासरीने माफक होता, पण होता. ज्याला अंथरुणातून उठवत नाही, जेवण जात नाही, जगू नये असं वाटतं, त्याच्यासाठी हा फरक मोलाचा असू शकतो. म्हणूनच ते औषध कसं सोडायचं हे सांगणं उपचाराचाच भाग ठरतं.

औषध सोडताना त्रास होतो ही काही कालपरवाची बातमी नाही. नैराश्यावरच्या पहिल्या औषधांपैकी एक असलेल्या इमिप्रामिनचा गुण १९५७ मध्ये जगापुढे आला आणि ते एकाएकी थांबवल्यावर रुग्णांना त्रास होतो अशी नोंद १९५९ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात झाली. पुढे फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, एस्सिटॅलोप्रॅम अशी नवी औषधं आली, पण ही गोष्ट बदलली नाही. गरगरणं, मळमळ, दरदरून घाम, कणकण, झोप उडणं, भडक स्वप्नं, विनाकारण रडू कोसळणं, अंगावर धावून जाण्याइतकी चिडचिड. आणि एक लक्षण असं, की ज्याला झालं नाही त्याला ते समजावून सांगताच येत नाही: डोळे इकडून तिकडे फिरवले की डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं वाटतं. ही लक्षणं बहुधा औषध थांबवल्यावर किंवा डोस एकदम उतरवल्यावर दोन-चार दिवसांत दिसू लागतात. औषध अंगातून किती वेगाने बाहेर पडतं यावर बरंच अवलंबून असतं. व्हेन्लाफॅक्सिन काही तासांतच निम्मं होतं, त्यामुळे एखादा डोस चुकला तरी काहींना संध्याकाळपर्यंत जाणवतं. पॅरोक्सेटिनही या बाबतीत बदनाम आहे. उलट फ्लुऑक्सेटिन आणि शरीरात त्यापासून तयार होणारं द्रव्य आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, म्हणून ते स्वतःच स्वतःला हळूहळू उतरवतं. पण त्याचा त्रास झालाच तर तो उशिरा होतो, आणि तोवर कुणाला गोळीची आठवणही राहिलेली नसते.

हा त्रास किती जणांना होतो, यावर गेली काही वर्षं तज्ज्ञांत चांगलीच जुंपली आहे. २०१९ मध्ये जेम्स डेव्हिस आणि जॉन रीड या दोन ब्रिटिश संशोधकांनी उपलब्ध अभ्यास एकत्र करून आकडा मांडला: औषध सोडणाऱ्यांपैकी सरासरी ५६ टक्क्यांना त्रास होतो आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांना तो तीव्र होतो. आक्षेप लगेच आला. यातले बरेच प्रतिसाद ऑनलाइन पाहण्यांतून घेतलेले, आणि ज्याला त्रास झाला तोच अशी प्रश्नावली भरायला बसतो. २०२४ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी ७९ अभ्यास आणि २१ हजारांवर माणसं घेऊन पुन्हा गणित मांडलं. औषध सोडणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांनी लक्षणं सांगितली, पण दाखवायची गोळी सोडणाऱ्यांपैकीही १७ टक्क्यांनी सांगितली. म्हणजे खरोखर औषधामुळे त्रास झालेले साधारण सहा-सात जणांत एक, आणि तीव्र त्रास झालेले सुमारे पस्तिसांत एक. मला दुसरं गणित अधिक काटेकोर वाटतं. पण त्यावरही एक आक्षेप आहे आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. अशा बहुतेक चाचण्यांत माणसांनी औषध काही आठवडे किंवा थोडे महिनेच घेतलेलं असतं. आपल्या भोवती जी माणसं ते चार-पाच वर्षं घेत आहेत त्यांचं चित्र या आकड्यांत उमटत नाही, आणि दीर्घकाळ घेतलेलं औषध सोडणं अधिक अवघड जातं असे संकेत आहेत. तरीही क्षणभर सर्वांत कमी आकडा धरू. सहा-सातांत एक ही काही दुर्मीळ गोष्ट म्हणता येत नाही. एवढ्या प्रमाणात होणाऱ्या एखाद्या शस्त्रक्रियेच्या परिणामाबद्दल डॉक्टरांनी आधी सांगितलं नसतं, तर आपण ते खपवून घेतलं नसतं.

न सांगण्याचा परिणाम काय होतो हे इंग्लंडने मोठ्या प्रमाणावर पाहिलं. तिथल्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांत कित्येक वर्षं असं लिहिलेलं होतं, की औषध सोडल्यावरचा त्रास सहसा सौम्य असतो आणि आठवडाभरात आपोआप ओसरतो. २००२ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमाने पॅरोक्सेटिनवर, म्हणजे तिकडच्या ‘सेरोक्सॅट’वर, एक भाग दाखवला तेव्हा प्रेक्षकांच्या फोनांची रीघ लागली. आपल्यालाही असंच होतं, पण डॉक्टर मानत नाहीत, असं सांगणारे ते लोक होते. त्यानंतरही सूचना बदलायला तब्बल सतरा वर्षं लागली. २०१९ च्या मे महिन्यात तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने आपली भूमिका बदलली, सप्टेंबरमध्ये सरकारी आरोग्य संस्थेचा अहवाल आला आणि ऑक्टोबरमध्ये मार्गदर्शक सूचनांतली ती ‘आठवडाभरा’ची भाषा गेली. काहींना हा त्रास तीव्र होतो आणि महिनोन् महिने राहू शकतो, हे मान्य झालं. त्या अहवालानुसार इंग्लंडमध्ये २०१७-१८ या एका वर्षात ७३ लाख प्रौढांना, म्हणजे सहांतल्या एकाला, ही औषधं लिहून दिली गेली होती. त्यांची अडचण ही, की लोक औषध वर्षानुवर्षं घेत राहतात, कारण सोडायला गेलं की त्रास होतो आणि मग पुन्हा तेच औषध सुरू होतं.

आपली अडचण नेमकी याच्या उलटी आहे, आणि तिकडचा वाद जसाच्या तसा इकडे आणून भागणार नाही ते याचसाठी. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. बारा राज्यांत ते झालं. महाराष्ट्र त्यांत नव्हता. त्यात दिसलं, की नैराश्य असलेल्या दर शंभर माणसांपैकी पंच्याऐंशीच्या आसपास माणसांपर्यंत उपचारच पोहोचत नाहीत. म्हणजे गोळी मिळालेला माणूस आपल्याकडे आधीच नशीबवान. पण तो ती नीट घेऊन नीट सोडतो का? आपल्याकडे गोळी सुटते ती बहुधा एका दिवसात आणि डॉक्टरांना न सांगता. बरं वाटायला लागलं म्हणून सुटते. जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन यायचा दिवसभराचा पगार बुडतो म्हणून सुटते. मुलीचं लग्न ठरत असेल तर स्थळाकडच्यांना स्ट्रिप दिसू नये म्हणून सुटते. दिवस गेल्याचं कळताच सासू-सुनेच्या एका संभाषणात सुटते. कुणी तरी वैद्य सांगतो, ‘आजपासून ॲलोपॅथी बंद, मग माझं औषध लागू पडेल,’ म्हणून सुटते. केमिस्टकडे ती कंपनी नसते, ‘दोन दिवसांनी या,’ म्हणतात आणि ते दोन दिवस पंधरा होतात. यातल्या प्रत्येक कारणामागे माणूस मूर्ख आहे असं समजणं सोपं आहे. पण एकाएकी थांबवलं तर काय होईल हे ज्याला कुणी सांगितलंच नाही, त्याने ते थांबवलं तर दोष त्याचा किती?

त्यात भर म्हणजे, गोळी सुटण्याची पहिली संधी गोळीच निर्माण करते. ही औषधं गुण द्यायला दोन ते सहा आठवडे घेतात, दुष्परिणाम मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांत दाखवतात. मळमळ, पोट बिघडणं, डोकं दुखणं, झोप येणं किंवा उडणं, आणि काहींना सुरुवातीला अस्वस्थता उलट वाढल्यासारखी वाटणं. बहुतेकांचं हे दोन आठवड्यांत निवळतं. गोळी पोटात अन्न असताना घेतली, झोप येत असेल तर रात्री आणि झोप उडत असेल तर सकाळी घेतली, सुरुवात अर्ध्या डोसने केली, तर बरंच सुसह्य होतं. पण ही माहिती नसेल तर आधीच खचलेल्या माणसाला चौथ्या दिवशी वाटतं, की हे औषध आपल्याला सोसत नाही. पंचविशीच्या आतल्या रुग्णांबाबत तर या पहिल्या आठवड्यांत घरच्यांनी खास लक्ष ठेवायचं असतं, कारण या वयात सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मुलांसाठी २००४ मध्ये आणि चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी २००७ मध्ये तसा ठळक इशारा औषधावर छापायला लावला. वयस्कर माणसांत रक्तातलं सोडियम उतरून तोल जाणं, भ्रमिष्टासारखं वागणं होऊ शकतं आणि घरी ‘वयच झालं’ म्हणून ते सोडून दिलं जातं. साध्या रक्तचाचणीत ते कळतं. ॲस्पिरिन किंवा दुखण्यावरच्या गोळ्या रोज चालू असतील तर रक्तस्रावाची शक्यता वाढते. गुडघे दुखतात म्हणून केमिस्टकडून परस्पर गोळ्या आणणाऱ्या आपल्या ज्येष्ठांना हे कुणीतरी सांगायला हवं.

एका दुष्परिणामाबद्दल मात्र आपल्याकडे दोन्ही बाजू चिडीचूप असतात. कामेच्छा मावळणं, उत्तेजना न येणं, परमोच्च क्षण न गाठता येणं, हे या औषधांच्या सर्वांत नेहमीच्या परिणामांपैकी आहे. स्त्रीला होतं तसं पुरुषालाही होतं. रुग्ण लाजून सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाहीत. बाहेर आई-वडील किंवा नवरा बसलेला असतो, दार अर्धवट उघडं असतं, रांगेत अजून तीस माणसं असतात. मग नवविवाहित तरुण कुणाला न सांगता गोळी बंद करतो आणि पुढच्या भेटीला येतच नाही. डोस कमी करणं, औषध बदलणं असे उपाय यावर आहेत, पण ते विचारल्याशिवाय सुचवता येत नाहीत. औषध थांबवल्यावरही हा त्रास काहींमध्ये टिकून राहू शकतो, याची नोंद औषधाच्या माहितीपत्रकात घालावी अशी शिफारस युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये केली. तसंच भावना बोथट होण्याचं. दुःख कमी झालं, पण आनंदही पोहोचेनासा झाला, अशी तक्रार करणाऱ्याला ‘बरं वाटतंय ना, मग झालं’ हे उत्तर पुरेसं नाही.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो गोळी सुटल्यानंतर. चार दिवसांनी माणूस रडू लागतो, झोपत नाही, घरात आदळआपट करतो. घरचे म्हणतात, ‘बघा, आजार पुन्हा आला.’ डॉक्टरही तेच म्हणतात, गोळी पुन्हा सुरू होते, दोन दिवसांत सगळं शांत होतं आणि निष्कर्ष निघतो की या माणसाला गोळी जन्मभर लागणार. हा निष्कर्ष कधी बरोबर असतो, कधी साफ चुकीचा. फरक ओळखायच्या काही खुणा आहेत. आजार सहसा आठवड्यांनी, महिन्यांनी हळूहळू परततो. औषध सुटल्याचा त्रास दिवसांत येतो. त्यात मूळ आजारात कधीच नव्हती अशी लक्षणं असतात: गरगरणं, मळमळ, डोक्यातले ते झटके. आणि गोळी पुन्हा दिली की तो काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत उतरतो, जे खऱ्या नैराश्याच्या बाबतीत आठवडे घेतं. खुणा पक्क्या नाहीत, दोन्ही गोष्टी एकत्रही येऊ शकतात. म्हणून निदान डॉक्टरांनीच करायचं. पण त्यासाठी गोळी नेमकी कधी आणि कशी बंद केली, हा प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे, आणि रुग्णाला रागावणी खाण्याची भीती न बाळगता खरं सांगता आलं पाहिजे.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो: आजार खरोखरच परत येतो, आणि ते लपवून चालणार नाही. बरोबर आहे. इंग्लंडमधली ‘अँटलर’ ही चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. दीर्घकाळ औषध घेणारे, आता बरं वाटतंय म्हणून ते सोडावं का या विचारात असलेले ४७८ रुग्ण तिच्यात होते. वर्षभरात औषध चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचं नैराश्य परतलं, हळूहळू थांबवलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचं. म्हणजे थांबवण्यात धोका आहे, हे उघड आहे. पण त्याच आकड्यांत दुसरी बाजूही आहे: थांबवलेल्यांपैकी ४४ टक्के वर्षभर ठीक राहिले, आणि चालू ठेवूनही ३९ टक्क्यांना आजाराने गाठलंच. शिवाय त्या चाचणीत बहुतेकांचं औषध दोन महिन्यांत बंद केलं होतं, जे वर्षानुवर्षं घेणाऱ्यासाठी बरंच वेगवान आहे. काहींचा औषध सुटण्याचा त्रासच ‘आजार परतला’ या खात्यात जमा झाला असेल, अशी शंका म्हणूनच घेतली जाते. ज्यांना नैराश्याचे दोन-तीन झटके येऊन गेले आहेत, ज्यांनी जिवाचं बरंवाईट करण्याचा प्रयत्न केला आहे, त्यांनी औषध दीर्घकाळ घेणं शहाणपणाचं ठरू शकतं. माझा आग्रह सगळ्यांनी गोळी सोडावी असा नाही. सोडायची की नाही हा निर्णय आणि सोडायची कशी ही माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी पहिलीवर अवलंबून ठेवू नये.

सोडायची कशी, यात गेल्या काही वर्षांत एक साधी पण महत्त्वाची गोष्ट स्पष्ट झाली आहे. २०१९ मध्ये मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी मेंदूच्या स्कॅनच्या आधारे दाखवलं, की औषधाचा डोस आणि त्याचा मेंदूवरचा परिणाम एका सरळ रेषेत जात नाहीत. सिटॅलोप्रॅमच्या २० मिलिग्रॅमने मेंदूतल्या संबंधित जागांपैकी सुमारे ८० टक्के व्यापल्या जातात. डोस दुप्पट, म्हणजे ४० केला तरी त्यात जेमतेम पाच-सहा टक्क्यांची भर पडते. पण खाली उतरताना साधारण ५ मिलिग्रॅमलाही सुमारे ६० टक्के जागा व्यापलेल्याच असतात. म्हणून २० वरून १० वर येणं अनेकांना जमतं, १० वरून ५ वरही जमतं, आणि ५ वरून शून्यावर आलं की कोसळल्यासारखं होतं. पाचाची गोळी ‘अगदी लहान’ आहे ही आपली समजूत. मेंदूच्या हिशेबात ती निम्म्याहून जास्त आहे. उतरण्याचे शेवटचे टप्पे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात सावकाश हवेत, तेच आपण सगळ्यात घाईने उरकतो. दुसरी रूढ पद्धत म्हणजे ‘एक दिवसाआड घ्या, मग दोन दिवसांआड’. फ्लुऑक्सेटिनसारखं अंगात रेंगाळणारं औषध वगळता ही पद्धत चुकीची आहे. रोजचा डोस थोडा कमी होण्याऐवजी रक्तातली पातळी आज वर, उद्या खाली अशी हेलपाटत राहते आणि रुग्णाला एका आठवड्यात तीन वेळा गोळी सुटल्याचा अनुभव येतो.

आता हा सल्ला पाळायचा म्हटला तर बाजारात काय मिळतं? एस्सिटॅलोप्रॅमच्या गोळ्या ५, १० आणि २० मिलिग्रॅमच्या. पाचाचा अर्धा करता येतो, पाव करताना भुगा होतो, आणि त्याच्या खाली उतरायचं कसं याला उत्तर नाही. ज्या गोळ्या किंवा कॅप्सूल हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात, त्या मोडल्या वा चुरडल्या की औषध एकदम सुटतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना हातही लावू नये. नेदरलँड्समध्ये यावर तोडगा निघाला: रोजच्या डोसाची छोटी पाकिटं एकाला एक जोडलेली पट्टी, २८ दिवसांची, प्रत्येक पाकिटात आदल्यापेक्षा किंचित कमी औषध. इंग्लंडमध्ये काही औषधं थेंबांच्या वा पातळ स्वरूपात मिळतात, त्यामुळे बारीक माप घेता येतं. सर्दी-खोकल्याच्या सिरपचे डझनभर प्रकार बनवणाऱ्या, जगाला स्वस्त औषधं पुरवणाऱ्या आपल्या उद्योगाला एक-दोन मिलिग्रॅमची गोळी किंवा मोजून घेण्याचं पातळ औषध बनवणं अशक्य आहे यावर माझा विश्वास नाही. मागणी नाही म्हणून ते बनत नाही, आणि माहिती नाही म्हणून मागणी नाही.

आपल्या बाजाराने बनवलं आहे ते भलतंच: दोन औषधं एका गोळीत. एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेली गोळी आपल्याकडे सर्रास लिहिली जाते आणि तीही केवळ मानसोपचारतज्ज्ञ लिहितात असं नाही. तिचं आकर्षण समजण्यासारखं आहे. पहिलं औषध उशिरा गुण देतं, दुसरं त्याच रात्री झोप आणतं, रुग्ण खूश होतो. पण या दोघांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. पहिलं महिनोन् महिने चालवायचं, दुसरं थोडेच आठवडे. नैराश्यावरच्या औषधांनी व्यसन लागत नाही. त्यांची तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावा लागत नाही. क्लोनाझेपामच्या वर्गातल्या औषधांबाबत हे म्हणता येत नाही. ती एकाएकी बंद केली तर फिट येण्याचाही धोका असतो. दोन्ही एका गोळीत कोंबली की पहिल्याच्या हिशेबाने दुसरं वर्षभर पोटात जातं, एकाचा डोस ठेवून दुसऱ्याचा कमी करता येत नाही, आणि शेवटी त्रास होतो तेव्हा तो कुणाचा हे कळत नाही. ‘डिप्रेशनच्या गोळीची सवय लागते’ हा आपल्याकडचा पक्का समज निदान काही अंशी या जोडगोळीची देणगी असावा, असं मला वाटतं. सुरुवातीला झोपेसाठी दुसरं औषध हवंच असेल तर ते वेगळ्या गोळीत, वेगळ्या ओळीत आणि थांबवण्याच्या तारखेसह लिहावं.

डॉक्टरांशी या विषयावर बोललं की एक आक्षेप हमखास येतो: आधीच लोक गोळीला घाबरतात, सोडताना त्रास होतो असंही सांगितलं तर कुणी सुरूच करणार नाही. काळजी खरी आहे. २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजारांहून अधिक आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यांत २२ हजारांहून जास्त एकट्या महाराष्ट्रातल्या होत्या, देशात सर्वाधिक. अशा राज्यात उपचारापासून कुणी दूर जाणं परवडणारं नाही. शिवाय त्रासाची अपेक्षा केली की त्रास जाणवतो, हेही दाखवायच्या गोळीवाल्या त्या १७ टक्क्यांतून दिसतं. तरीही मला हा आक्षेप पटत नाही. भीती आज आहेच, आणि ती गप्प राहिल्याने कमी झालेली नाही. शेजारच्या बाईंच्या भावाचं काय झालं हे सगळ्यांना ठाऊक असतं. फक्त ते का झालं आणि कसं टळलं असतं हे ठाऊक नसतं. दम्याच्या किंवा सांधेदुखीच्या रुग्णाला स्टिरॉइड देताना आपलेच डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात, पाच दिवस दोन गोळ्या, मग पाच दिवस एक, मग अर्धी. एकदम बंद करायचं नाही हे बजावतात. त्यामुळे स्टिरॉइड घ्यायचं लोकांनी सोडलेलं नाही. उलट डॉक्टरांना सगळं माहीत आहे असा विश्वास बसतो. हाच न्याय मनाच्या औषधाला लावायला अडचण कोणती?

वेळ नाही, ही अडचण मात्र खरी आहे. एक लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नसलेला हा देश. सरकारी ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला चार-पाच मिनिटं येतात, त्यात लक्षणं विचारायची की औषध सोडण्याचं वेळापत्रक समजवायचं? पण यासाठी तज्ज्ञच लागतो असं नाही. एक छापील कागद चालेल, मराठीत, मोठ्या अक्षरात. परिचारिका, समाजसेवक, औषध देणारा फार्मासिस्ट तो समजावून सांगू शकतो. ही मेहेरबानीही नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं बाविसावं कलम रुग्णाला आपला आजार, उपचारांचा आराखडा आणि त्याचे ज्ञात दुष्परिणाम जाणून घ्यायचा हक्क देतं, तेही त्याला समजेल अशा भाषेत आणि स्वरूपात. थांबवताना होणारा त्रास हा ज्ञात परिणाम नाही असं आता कुणी म्हणू शकणार नाही. प्रत्यक्षात मात्र औषधाबरोबर येणारं माहितीपत्रक इंग्रजीत असतं, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात असतं, आणि केमिस्ट स्ट्रिप कात्रीने कापून सहा गोळ्या हातावर ठेवतो तेव्हा तेही खोक्यातच राहतं. कायदा २०१८ पासून लागू आहे. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमापर्यंत सगळ्यांना चालेल असा एक मराठी कागद तयार करायला राज्याच्या आरोग्य विभागाला वेगळा निधी लागू नये.

एक काम रुग्ण आणि नातेवाईकही करू शकतात. औषधाचे दुष्परिणाम नोंदवण्याची राष्ट्रीय यंत्रणा गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे आहे आणि १८००-१८०-३०२४ या टोल फ्री क्रमांकावर सामान्य माणसालाही नोंद करता येते. नैराश्यावरचं औषध सोडतानाच्या त्रासाबद्दल आपण जे काही बोलतो त्याचे आकडे बहुतेक युरोप-अमेरिकेतले आहेत. इथल्या नोंदी झाल्या, तरच इथल्या धोरणाला काही आधार मिळेल.

आणि हा लेख वाचून आज रात्रीची गोळी कुणी बंद करू नये. गोळी आधीच बंद केली असेल आणि त्रास होत असेल तर लपवू नका, डॉक्टरांना तारखेसह सांगा. पुढच्या भेटीला तीन गोष्टी विचारा: हे औषध साधारण किती काळ, थांबवायचं ठरलं तर कोणत्या टप्प्यांनी, आणि मधे त्रास झाला तर कुणाला फोन करायचा. उत्तरं चिठ्ठीवरच लिहून मागा. जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येत असेल तर मात्र भेटीची वाट पाहू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.